सदतीस मैलांचा फेरा

शर्यतीच्या ट्रॅकवर स्वतःची बाइक घालायची म्हटलं की एरवी बरीच तयारी लागते. आधी दिवस राखून ठेवायचा, भरभक्कम पैसे मोजायचे, चामड्याचा सूट चढवायचा, जोखमीच्या कागदावर सही करायची आणि मग कुठे चार फेऱ्या मारायला मिळतात. आयरिश समुद्रातल्या आइल ऑफ मॅन या बेटावर यातलं काहीच लागत नाही. परवाना, विमा आणि टाकीत पेट्रोल असलं की झालं. कारण दुचाकी शर्यतींच्या जगातला सर्वांत नावाजलेला, आणि सर्वांत जीवघेणाही, ट्रॅक इथे वर्षातले बहुतेक दिवस साधा सार्वजनिक रस्ता असतो. त्यावरून बस धावते, टपालाची गाडी दारोदार थांबत जाते, शेतकरी ट्रॅक्टर काढतात. मे महिना सरत आला की हाच रस्ता ठरावीक तासांपुरता बंद होतो आणि त्याच डांबरावरून मोटरसायकली सुटतात. सुल्बीच्या सरळ पट्ट्यात त्यांचा वेग ताशी तीनशे किलोमीटरच्या घरात जातो. ही टूरिस्ट ट्रॉफी. बायकर मंडळींच्या तोंडी फक्त ‘टीटी’.

माउंटन कोर्स नावाचा हा फेरा ३७.७३ मैलांचा, म्हणजे ६०.७२ किलोमीटरचा आहे. पुण्याहून लोणावळ्याला जायला साधारण एवढंच अंतर कापावं लागतं. २०२३ साली पीटर हिकमनने ते १६ मिनिटं ३६ सेकंदांत कापलं. सरासरी वेग ताशी २१९ किलोमीटर. वाटेत दोनशेहून अधिक वळणं, डझनभर गावं आणि एक आख्खा घाट येतो, हे लक्षात घेतलं की या आकड्याचा अर्थ कळतो. वेगमर्यादा पाळणाऱ्या, थांबून बघणाऱ्या पाहुण्याला याच फेऱ्याला तास-दीड तास सहज लागतो. आणि टीव्हीवर जे कधीच दिसत नाही ते त्यालाच दिसतं.

बेटावर रस्ते बंद करून शर्यती घ्यायची सुरुवात झाली ती एका कायद्यामुळे. १९०३ साली ब्रिटनने मोटारींवर ताशी २० मैलांची मर्यादा घातली. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावण्याचा तर प्रश्नच नव्हता. पण आइल ऑफ मॅन हा ब्रिटिश राजाच्या अखत्यारीतला, तरीही युनायटेड किंग्डमचा भाग नसलेला प्रदेश. त्याची संसद वेगळी, तिचं नाव टिनवाल्ड. गॉर्डन बेनेट या मोटारशर्यतीच्या चषकासाठी ब्रिटिश संघ निवडायचा होता, तेव्हा मोटार क्लबने या बेटाकडे धाव घेतली. टिनवाल्डने १९०४ मध्ये रस्ते बंद करण्याची मुभा देणारा कायदा केला आणि मोटारींच्या मागोमाग दुचाकीही आल्या.

बहुतेक बायकर आपली गाडी घेऊन बोटीनेच येतात. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हेशम बंदरातून निघालेली फेरी पावणेचार तासांच्या आसपास डग्लसला लागते. गाडीतळाच्या मजल्यावर दुचाकी रांगेने उभ्या करून पट्ट्यांनी करकचून आवळतात, कारण आयरिश समुद्र शांत असेलच असं नाही. बोट चालवणारी आइल ऑफ मॅन स्टीम पॅकेट कंपनी १८३० पासून हेच काम करते आहे. भारतीय पासपोर्टवाल्याला युनायटेड किंग्डमचा व्हिसा इथे चालतो, आणि रस्त्यावर डावीकडूनच चालायचं असल्यामुळे आपल्याकडच्या स्वाराची पहिली धास्ती बंदरातच उतरते. अंतराच्या पाट्या मात्र मैलांत.

फेरा सुरू होतो डग्लसमधल्या ग्लेनक्रचरी रोडवर. एका बाजूला प्रेक्षकांचा मोठा स्टँड, समोर लांबलचक गुणफलक आणि त्या फलकामागे शहराची दफनभूमी. काही मुद्दाम केलेली मांडणी नाही ही. जागा होती तिथे फलक उभा राहिला. शर्यतीत सगळे एकदम सुटत नाहीत. दर दहा सेकंदांनी एक जण निघतो आणि स्पर्धा घड्याळाशी होते. त्यामुळे पुढे दिसणारा स्वार खरोखर पुढे आहे की मागे, हे फलक बघितल्याशिवाय कळत नाही.

स्टँड मागे पडतो न पडतो तोच ब्रे हिल येते. दोन्ही बाजूंना घरं, बागा, दारात उभ्या मोटारी, आणि मधून थेट खाली कोसळणारा रस्ता. पाहुण्याला इथे ताशी ३० मैलांची मर्यादा पाळावी लागते. तरीही उताराच्या तळाशी गाडीचे शॉकअप दबतात आणि पुढच्या चढावर सीट हलकी झाल्यासारखी वाटते. स्पर्धक याच तळातून ताशी अडीचशे किलोमीटरहून अधिक वेगाने जातात, गाडीचं पोट रस्त्याला घासतं आणि पुढच्या उंचवट्यावर चाक हवेत उठतं. त्या उंचवट्याला जाकोमो अगोस्तिनी या गाजलेल्या स्वाराच्या नावावरून ‘अगोज लीप’ म्हणतात. खाली क्वार्टर ब्रिजला लहानसं गोल चक्कर आहे. शर्यतीच्या ट्रॅकवर इंडिकेटर दाखवून समोरच्या बसला वाट देण्याचा प्रसंग दुसरीकडे क्वचितच येत असेल.

युनियन मिल्स, ग्लेन व्हाइन, क्रॉस्बी ही गावं भराभर मागे जातात. साडेसात मैलांवर बॅलाक्रेनच्या सिग्नलला फेरा उजवीकडे वळतो. पण इथे थोडी वाट वाकडी करावी आणि सरळ सेंट जॉन्सला जावं. तिथे हिरवळीवर चार पायऱ्यांचं गोल टेकाड आहे. ते टिनवाल्ड हिल. साधारणपणे दर ५ जुलैला संसद इथे उघड्यावर भरते आणि वर्षभरातले नवे कायदे स्थानिक मँक्स व इंग्रजी भाषेत जाहीर होतात. पहिली टीटी २८ मे १९०७ रोजी निघाली ती याच टेकाडाजवळून. पंचवीस स्वार होते. त्या काळच्या गाड्यांना डोंगर झेपत नव्हता, म्हणून सोळा मैलांचा, तुलनेने सपाट फेरा आखला होता. एक सिलिंडरच्या गटात मॅचलेसवर चार्ली कॉलियर जिंकला, सरासरी ताशी ६१ किलोमीटर. दोन सिलिंडरच्या गटात रेम फाउलरने नॉर्टनवर बाजी मारली. ती नॉर्टन कंपनी २०२० पासून भारतातल्या टीव्हीएसच्या मालकीची आहे.

डोंगराचा फेरा आला १९११ मध्ये, आणि त्याने गाड्याच बदलून टाकल्या. तोवर अनेक दुचाकींना एकच गियर असे आणि ताकद पट्ट्याने मागच्या चाकाला मिळे. असल्या गाडीने स्नेफेल डोंगराचा चढ काढणं कठीण होतं. अमेरिकेहून आलेल्या इंडियन कंपनीच्या गाड्यांना दोन गियर आणि साखळी होती. त्यांनी सीनियर, म्हणजे मोठ्या इंजिनांच्या शर्यतीत पहिले तिन्ही क्रमांक नेले. ब्रिटिश कारखानदारांना धडा मिळाला. त्याच वर्षी सरावात रज गाडीवरचा व्हिक्टर सरिज ग्लेन हेलनजवळ पडून मरण पावला. या मार्गावर टीटी आणि इथेच होणारी मँक्स ग्रां प्री ही दुसरी शर्यत मिळून २६० हून अधिक स्पर्धकांनी जीव गमावला आहे. त्यांतला तो पहिला.

बॅलाक्रेननंतर रस्ता नदीकाठाने झाडीत शिरतो. डावीकडे खडक, उजवीकडे पाणी, वर पानांचं छत. पाऊस थांबून तास झाला तरी इथलं डांबर ओलंच. एका वळणाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळतो आणि गाडी या कुशीवरून त्या कुशीवर झुकवत राहावी लागते. नकाशात बघितलं तर या वळणांना माणसांची नावं आहेत, आणि ती नेहमी जिंकणाऱ्यांचीच नाहीत. डोरान्स बेंडला बिल डोरान पडला होता. हँडलीजला वॉल हँडलीने गाडी आपटली. पुढे डोंगर उतरताना लागणारं ब्रँडिश हे वॉल्टर ब्रँडिशचं, ज्याचा पाय १९२३ मध्ये तिथे मोडला. जिथे पडला तिथेच नाव लागलं, असा इथला रिवाज.

बॅरेगॅरो हे ठिकाण पायी बघण्यासारखं आहे. वरून सरळ उतार, तळाशी किंचित डावं वळण, आणि त्या वळणाच्या आत चक्क एका घराची भिंत. पाहुणा इथे ब्रेक लावतो, एक गियर खाली घेतो आणि निमूट निघून जातो. स्पर्धकाचं डोकं या भिंतीपासून हातभर अंतरावरून जातं. टीटीच्या दिवसांत भिंती, दिव्याचे खांब आणि झाडांची खोडं यांना जाड गाद्या बांधतात. बाकी वर्षभर ती नुसती भिंत असते.

चौदाव्या मैलाला कर्क मायकल. घरांची दारं थेट रस्त्यावर उघडणारं, अरुंद गल्लीचं गाव. शर्यतीच्या दिवशी गल्लीतून ताशी दोनशे किलोमीटरहून वेगवान गाड्या जातात आणि फेऱ्याच्या आतल्या बाजूला राहणाऱ्यांना रस्ता उघडेपर्यंत बाहेर पडता येत नाही. बंद रस्ता ओलांडणं हा गुन्हा आहे. म्हणून बेटावर लग्न, डॉक्टरची वेळ, घर बदलणं, सगळं काही टीटीचं वेळापत्रक बघून ठरतं.

गाव संपल्यावर ऱ्हेनकलनची वळणं लागतात. त्यांपैकी एक बर्किन्स बेंड. १९२७ पर्यंत सराव चालू रहदारीतच व्हायचा. पहाटे स्पर्धक निघायचे आणि समोरून दूधवाले, मासेवाले यायचे. त्या वर्षी आर्ची बर्किन समोरून आलेली माशांची गाडी चुकवायला गेला आणि त्यातच गेला. १९२८ पासून सरावालाही रस्ते बंद ठेवण्यात येऊ लागले. आज पाहुणा ज्या तऱ्हेने हा फेरा घेतो, म्हणजे समोरून कोण येईल याचा नेम नसताना, त्या तऱ्हेने एकेकाळी स्पर्धकही सराव करत होते. फरक वेगाचा.

बॅलॉ गावातला पूल जेमतेम गाडीभर लांबीचा, पण मधोमध उंच. शर्यतीत दोन्ही चाकं जमीन सोडतात, आणि छायाचित्रकारांची आवडती जागा हीच. तीस किलोमीटरच्या वेगानेही पोटात गोळा येतो. याच भागातल्या दलदलीत रानटी वॉलबी राहतात. ऑस्ट्रेलियातले हे छोटे कांगारू जवळच्या वन्यजीव उद्यानातून निसटले आणि त्यांनी बेटावर बस्तान बसवलं. संध्याकाळी या पट्ट्यात गाडी हळू घ्यावी, ही सूचना थट्टेची नाही.

सुल्बीचा सरळ पट्टा स्पर्धकासाठी सर्वांत वेगवान, पाहुण्यासाठी सर्वांत कंटाळवाणा. दोन्हीकडे झाडं आणि झुडपांची कुंपणं. एक गोष्ट तेवढी ध्यानात येते: लांबून गुळगुळीत दिसणारा हा रस्ता चांगलाच खडबडीत आहे. पन्नास मैलांच्या वेगाला हँडल हलतं, तर दोनशेला काय होत असेल याचा अंदाज हाताला आपोआप येतो.

रॅम्झी हे बेटाच्या ईशान्येचं बंदर. समुद्रसपाटीला. इथल्या पार्लमेंट स्क्वेअरमधून बाहेर पडलं की घाट सुरू होतो, आणि इथून पुढचे बारा-तेरा मैल बघायलाच लोक जगभरातून येतात. आधी झाडीतलं हेअरपिन वळण, पहिल्या गियरचं. मग वॉटरवर्क्स, मग गूजनेक. इथे झाडी एकदम संपते. मागे वळून पाहिलं तर रॅम्झीचा उपसागर पायाशी पसरलेला. पुढे उघडे माळ, पिवळी गोर्सची झुडपं, दगडी गडगे आणि मेंढ्या. १९११ च्या सुमारास हा रस्ता खडीचा होता आणि त्यावर मेंढपाळांची फाटकं होती. सकाळी पहिला निघालेला स्वार ती उघडत जायचा, असं सांगतात.

बेटावर वस्तीबाहेरच्या बऱ्याच रस्त्यांना वेगमर्यादा नाही. डोंगरावर हे आमिष सगळ्यात मोठं. इथेच पोलिसांचा पहाराही कडक असतो, कारण मर्यादा नसली तरी बेफिकीर गाडी चालवणं गुन्हा आहेच. टीटीच्या काळात रॅम्झीकडून डग्लसकडे हा रस्ता एकेरी करतात. समोरून कोणी येणार नाही म्हटल्यावर हौशी बायकर थ्रॉटल पिळतात आणि काही जण गडग्यापलीकडच्या कुरणात जाऊन पडतात. शर्यतींच्या मधल्या रविवाराला ‘मॅड संडे’ हे नाव त्यावरूनच पडलं. इतर वेळी रस्ता दुहेरी असतो आणि वळणाच्या आड मेंढीही असू शकते.

सव्विसावा मैल जोई डनलॉपच्या नावाचा आहे. उत्तर आयर्लंडमधल्या बॅलिमनीचा हा माणूस पब चालवायचा, आपल्या गाड्यांवर स्वतः काम करायचा, आणि शर्यती नसत तेव्हा व्हॅनमध्ये धान्य-कपडे भरून रोमेनिया, बोस्नियातल्या अनाथाश्रमांत पोचवून यायचा. १९७७ ते २००० या काळात त्याने २६ टीटी जिंकल्या. शेवटच्या तीन तर अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, एकाच आठवड्यात. महिन्याभरात एस्टोनियात टॅलिनच्या शर्यतीत तो गेला. त्याचा विक्रम २०२४ मध्ये मोडला तो त्याच्याच पुतण्याने, मायकल डनलॉपने. थोडं पुढे गथ्रीज मेमोरियल. जिमी गथ्रीची शेवटची टीटी १९३७ साली या जागी गाडी बंद पडून संपली, आणि त्याच उन्हाळ्यात जर्मन ग्रां प्रीत त्याचा मृत्यू झाला.

मग माउंटन माइल आणि व्हरांडा. डोंगराच्या कडेने लागोपाठ चार उजवी वळणं, डावीकडे खोल दरी. टीटीचं भवितव्य बदललं ते या व्हरांडावर. १९७२ मध्ये पावसात इटलीचा जिल्बेर्तो पारलोत्ती इथे मरण पावला. त्याच्या मित्राच्या, अगोस्तिनीच्या, नावावर एकूण दहा टीटी आहेत. त्याने पुन्हा इथे शर्यत करायची नाही असं ठरवलं. इतरही मोठे स्वार दूर राहू लागले. १९४९ पासून जागतिक अजिंक्यपद मालिकेत असलेली टीटी १९७६ नंतर तिच्यातून वगळली गेली आणि ब्रिटिश ग्रां प्री सिल्व्हरस्टोनच्या ट्रॅकवर गेली. टीटी बंद पडेल असं तेव्हा अनेकांना वाटलं होतं. १९७८ मध्ये जुना विजेता माइक हेलवुड अकरा वर्षांनी परतला, डुकाटीवर बसून टीटीतली फॉर्म्युला वन शर्यत जिंकला, आणि गर्दी पुन्हा बेटाकडे वळली.

बंगलो या ठिकाणी गाडी लावून थांबायलाच हवं. इथे रस्ता ओलांडून स्नेफेल माउंटन रेल्वेची ट्राम जाते, १८९५ पासूनची. ती ६२१ मीटर उंच शिखरावर नेते. हवा स्वच्छ असेल तर तिथून इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स दिसतात. शर्यतीच्या दिवशी ट्रामला डांबरापाशीच थांबावं लागतं. लोक पादचारी पुलावरून पलीकडे जाऊन दुसरी ट्राम धरतात. जवळच जोईचा ब्राँझचा पुतळा आहे, होंडावर बसून रस्त्याकडे बघणारा. होंडाचंही या बेटाशी नातं जुनं आहे. १९५९ साली ही जपानी कंपनी इथे पहिल्यांदा उतरली, डोंगराऐवजी लहानशा क्लिप्स सर्किटवर. १२५ सीसीच्या शर्यतीत नाओमी तानिगुची सहावा आला आणि संघाचं बक्षीस होंडाला मिळालं. दोनच वर्षांनी हेलवुडने त्यांच्या गाड्यांवर दोन शर्यती जिंकल्या. फेऱ्याचा सर्वांत उंच बिंदू, ४२२ मीटरवरचा, त्याच्याच नावाने ओळखला जातो.

इथवर ऊन असेल आणि पुढच्या वळणाला काहीच दिसेनासं होईल, हे नेहमीचं. मॅननान नावाचा समुद्रदेव शत्रूपासून बेट लपवायला धुक्याची शाल पांघरतो, अशी इथली कथा. शर्यतीच्या अधिकाऱ्यांना मात्र धुकं म्हणजे तासन्‌तास खोळंबा, कारण बचावाचं हेलिकॉप्टर उडू शकत नसेल तर शर्यत सुटत नाही. विंडी कॉर्नरला वारा आडवा लागतो. केट्स कॉटेजपाशी वळलं की खाली सरळ उतार, त्याच्या टोकाला क्रेग-नी-बा हे हॉटेल, आणि पलीकडे डग्लस व समुद्र. हॉटेलच्या अंगणात बाकांवर बसून चहा पिता येतो. डोंगरावर गारठलेली बोटं तिथे हळूहळू सैल होतात.

शेवटून दुसरं वळण गव्हर्नर्स ब्रिज. इतकं आवळलेलं की जगज्जेत्यालाही पहिल्या गियरमध्ये, जवळजवळ पाय टेकत काढावं लागतं. सबंध फेऱ्यात पाहुणा आणि स्पर्धक एकाच वेगाने जातात अशी ही एकमेव जागा. त्यानंतर एक छोटी उसळी आणि पुन्हा ग्लेनक्रचरी रोड.

टीटीच्या पंधरवड्यात यायचं असेल तर बोट आणि खोली कित्येक महिने आधी धरावी लागते. अनेक घरमालक त्या दिवसांत आपल्या खोल्या भाड्याने देतात. ऑगस्टमधल्या मँक्स ग्रां प्रीला त्या मानाने गर्दी कमी. नुसता फेरा मारायचा असेल तर वसंत किंवा सप्टेंबर बरा. अंगावर थरावर थर हवेत, कारण रॅम्झी आणि बंगलो यांच्या हवेत दोन ऋतूंचं अंतर असतं. पहिल्या फेरीत फक्त रस्ता बघावा, थांबे दुसऱ्या फेरीसाठी ठेवावेत.

या संथ फेऱ्यांत पाहुणा एकटा नसतो. टीटीतल्या नवख्या स्पर्धकाला पहिला फेरा अनुभवी मार्शलच्या मागे, आवरलेल्या वेगाने घ्यावा लागतो, आणि त्याच्या अंगात ओळखू यावं म्हणून केशरी जाकीट असतं. पण दोनशे वळणं एका फेऱ्यात पाठ होत नाहीत. म्हणून हे लोक कितीतरी महिने आधीच बेटावर येतात, साधी मोटार घेऊन चालू रहदारीतून पुन्हा पुन्हा फिरतात, एखाद्या गडग्यापाशी थांबतात, उतरून मागे चालत जातात आणि वळण कुठून दिसू लागतं ते बघतात. अकराव्या मैलापाशी पुढची गाडी विनाकारण रेंगाळली तर हॉर्न वाजवण्याआधी पाहुण्याने हे आठवावं. आत बसलेला माणूस कदाचित पाठांतर करत असेल.